गडग्यावरची जत्रापत्रिका

"…आणि पोरांका ट्रिकसीन व्हयो म्हणे!"

काकींचं बोलणं नेहमी असं मधूनच सुरू होतं. आधीचा भाग त्या विहिरीपासून गडग्यापर्यंत येताना मनातल्या मनात उरकून घेतात आणि आपण तो ऐकलाच आहे असं धरून चालतात. आमच्या दोन परड्यांच्या मधला जांभ्याचा गडगा जेमतेम कमरेएवढा. पलीकडे त्यांची अबोली आणि रातांबा, अलीकडे माझा कढीलिंब. मी सून घाटावरची, साताऱ्याकडची. यजमान बँकेतून निवृत्त झाले आणि आम्ही कुडाळ-वेंगुर्ल्याच्या मधल्या ह्या त्यांच्या गावी कायमचे राहायला आलो. तेव्हापासून मला इथलं काही कळत नाही हे काकींनी ठरवून टाकलंय, आणि सांगायला हक्काचं माणूस मिळालं म्हणून त्या खूशही आहेत.

"कसला ट्रिकसीन, काकी?"

"जत्रेच्या नाटकात गो! धूर येता, लायटी लाल-हिरव्या होतत, राक्षसाचा टकला हवेत फिरता. बोर्डार लिवतत नाय, 'ट्रिकसीनयुक्त'! आमच्या टायमाक एक बाकडा होता. तेच्यार इंद्र बसलो काय ता सिंहासन, तेच्यार चढून उबो रवलो काय तो डोंगर."

दिवाळी होऊन गेली, भात कापून-झोडून घरात आलं. आता त्रिपुरारी पौर्णिमेला देवळाच्या दीपमाळेवर पणत्या लागल्या की आमच्या जिल्ह्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो, तो थेट शिमग्यापर्यंत. आज ह्या गावात, उद्या पलीकडच्या. देवीची ओटी, पालखी, खाज्याची दुकानं, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत दशावतार. गावातली पोरं देवळाच्या आवारात मांडवाची मापं घेत फिरताहेत आणि काकींच्या बोलण्यात दुसरा विषय नाही.

काकी ट्रिकसीनच्या विरोधात असतील असं मी धरून चालले होते. पण त्यांचं तसं नव्हतं.

"माका ट्रिकसीन आवडता गो. गेल्या साली बाजूच्या गावात एक बघलंय, माझ्या अंगार काटो इलो. लावा लायटी, सोडा धूर. पण म्हणतत काय, नाटक धा वाजता सुरू करूया नि एक वाजता संपवूया. लोकांका सकाळी कामाक जावचा असता म्हणे. अरे, मगे धयकालो काय मांजरान करूचो?"

इथे खरा वाद आहे तर. गावात दोन तट पडलेत. मुंबईला नोकरी करणारी आणि जत्रेपुरती येणारी मंडळी म्हणतात, सुटसुटीत करा, पाहुणे बसतील. देवळाचे मानकरी काही बोलत नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कारण नाटक आधी देवाचं आहे, मग बघणाऱ्याचं. रात्रभर खेळ झाल्यावर पहाटे त्याच कलावंतांच्या साक्षीने दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, आणि तेव्हा कुठे जत्रा पुरी होते. एक वाजता पडदा पाडला तर मधले चार-पाच तास देवानं करायचं काय?

पडदा हा शब्द मी सवयीने वापरला. खरं तर पाडायचा पडदा नसतोच. दशावतारी कंपनी येते ती पेटारा घेऊन. त्यात कपडे, मुकुट, लाकडी मुखवटे, आणि गणपती. पूर्वी हा पेटारा डोक्यावर घेऊन कलावंत एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायचे. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं त्यांच्याबद्दल इकडे बोललं जातं. आता टेम्पो आला, पण तोंडाला रंग अजून ज्याचा तोच लावतो. छोटा आरसा मांडीवर घेऊन बसलेला एक मिशीवाला माणूस अर्ध्या तासात द्रौपदी होऊन उठतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुढचं नाटक न बघताही माझे पैसे वसूल झाले असते. तिकीट नव्हतंच, ही गोष्ट वेगळी. स्त्रियांची कामं परंपरेने पुरुषच करतात. अलीकडे बायकांचीही दशावतारी मंडळं उभी राहिली आहेत, त्यांच्याबद्दल काकींचं मत राखीव आहे. "बघल्याशिवाय बोलूचंय नाय," म्हणाल्या. काकींच्या तोंडी हे वाक्य मी दुसऱ्या कुठल्याही विषयावर ऐकलेलं नाही.

खेळाची सुरुवात आडदशावताराने होते. पायपेटी, मृदुंग आणि झांज एवढ्यावर गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते. मग येतो काळ्या कपड्यातला संकासूर. वेद चोरणारा राक्षस तो हाच, पण बोलतो अस्सल मालवणी. पुढच्या आख्यानातले राजे-ऋषी जड पल्लेदार मराठीत बोलतात. संकासुराला मात्र गावचंच बोलणं लागतं, आणि त्याला गावातली सगळी खबर असते.

"संकासूर इलो काय पोरा आयशीच्या मागे दडतत," काकी म्हणाल्या. "आणि मोठी माणसा पुढाऱ्याच्या मागे. गेल्या साली तेणां नळाच्या पाण्याचा काढलेला, आठवता? पंचायतीची माणसा पयल्या रांगेत. हसतली काय रडतली?"

संकासुराला ही बातमी कोणी पुरवली असेल याचा मला अंदाज आहे. गडग्याच्या ह्याच जागेवरून ती गेली असणार.

आख्यान मात्र कागदावर नसतं. कथा पुराणातली, ती सगळ्यांना पाठ. संध्याकाळी कंपनीतली जाणती माणसं बसून प्रसंगांचा क्रम ठरवतात आणि रात्री जो तो आपापलं भाषण उभ्या उभ्या रचतो. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा, त्याला वळण द्यायचं, परत टाकायचा. दोन तयारीचे नट समोरासमोर आले की ही जुगलबंदी संपतच नाही, आणि ती रंगायला रात्रीचे दोन वाजावे लागतात. आधी गळे तापतात, मग बुद्धी. म्हणून मी काकींच्या बाजूने आहे. तीन तासांत दशावतार बसवता येतो, शहरांतल्या नाट्यगृहांत तो तसाच होतो, नीटनेटका असतो. पण त्यात दोन वाजल्यानंतरचा भाग नसतो.

"आणि बाहेरचे लोक येतले औंदा," मी म्हटलं. "सिनेमा पाहून."

2025 च्या सप्टेंबरात 'दशावतार' हा सिनेमा आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात म्हातारा दशावतारी रंगवला, तेव्हापासून माझ्या माहेरच्यांचे फोन वाढलेत. पुण्याचा भाचा रोज विचारतो, मावशी, तारीख सांग, तिकीट काढतो. त्याला वाटतं जत्रेचं वेळापत्रक कुठेतरी छापलेलं असेल आणि मी ते हातात धरून मुद्दाम सांगत नसेन.

त्याला कसं समजवायचं? काही तारखा सरळ आहेत. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला, ती पंचांगात आहे. देवगडच्या किनाऱ्यावरचं ते देऊळ, आणि आसपासच्या गावांचे देव आपले लवाजमे घेऊन तिथे समुद्रस्नानाला येतात. देवांना समुद्रात उतरताना पाहायचं असेल तर त्याने तेव्हा यावं. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेला लागूनच. छोट्या गावांच्या जत्रा आपापल्या तिथीला. पण आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तारीख? ती देवीचा कौल घेतल्याशिवाय ठरत नाही. एरवी ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पडते, पण नेमकी कधी, हे गावातले विधी होऊन कौल मिळेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. तारीख जाहीर झाली रे झाली की मुंबईतल्या चाकरमान्यांचे फोन सुरू होतात, आणि तुतारी, कोकणकन्या, मांडवी सगळ्या गाड्यांना गर्दी. जादा गाड्या सोडाव्या लागतात.

पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी मिळायचं. नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. भाच्याने हे मला मोठ्या तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी ते गडग्यावर काकींना सांगितलं.

"बरा झाला," काकी म्हणाल्या. "देवी काय रेल्वेक इचारून तारीख देता? आता रेल्वेच देवीच्या जवळ सरकली."

आंगणेवाडीला काकी दरवर्षी जातात. पुढाऱ्यांच्या गाड्या किती आल्या, रांग कुठपर्यंत गेली, हे त्यांच्या लेखी दुय्यम. त्या सांगतात ते प्रसादाचं. आंगणे मंडळींच्या घरच्या बायका हा प्रसाद रांधतात तो मौन धरून. एवढा मोठा स्वयंपाक आणि चकार शब्द नाही. "माका जमाचा नाय गो," काकी प्रामाणिकपणे म्हणाल्या. त्यावर मी काही बोलले नाही.

मग विषय डबलबारीवर गेला. जत्रेच्या आदल्या की नंतरच्या रात्री भजनाचा सामना ठेवायचा यावर पोरांचं अजून ठरत नाहीये. घाटावर भजन म्हणजे डोळे मिटून बसायचं. इथे दोन बुवा आपापली मंडळी घेऊन आमनेसामने बसतात आणि पखवाज, चकी, झांजांच्या गजरात एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. पहिल्या बारीत देवाचं होतं, पुढच्या बारीत एकमेकांचं. फलकावर लिहितातच, 'जंगी सामना'. सिनेमाच्या चाली बुवांनी फार घेऊ नयेत असं काकींना वाटतं, पण घेतल्या तर नव्या तरी घ्याव्यात.

"पण काकी, हे सगळं रात्रीचं झालं. दिवसा पाहुण्यांना काय दाखवायचं?"

"दिवसा झोपूक दी तेंका."

तरी मी यादी काढली. पिंगुळी आमच्यापासून जवळ. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती यासाठीच. त्यांच्या घराच्या आवारात, जुन्या गोठ्याचं रूप बदलून, त्यांनी ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. चित्रकथी म्हणजे हातानं रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि त्यावरची कथा वाद्यांच्या साथीवर गाऊन सांगायची. सावंतवाडी संस्थानाचा ह्या कलेला आश्रय होता.

"काकी, तुम्ही पाहिलंय ते संग्रहालय?"

"खय तां, पिंगुळीक? अगो, ता हयच असा. थय जावक काय? कदी गेलंय नाय."

हे मात्र मला मान्य नाही. पुण्याचा भाचा चारशे किलोमीटरवरून येणार आणि काकींना रिक्षाने जाण्याइतकं जवळचं ते पाहायचं राहून गेलं. मी त्यांना तसं सांगितलं. त्या गडग्यावरची सुकी पानं उगाच झटकत राहिल्या, मग म्हणाल्या, बुधवारच्या कुडाळच्या बाजाराला जाऊ तेव्हा वाट वाकडी करू. तेव्हा हे ठरलंय.

सावंतवाडीला मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा बघायला मिळतात. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि दर रंगाचे बारा. म्हणजे रात्री देवळात जे अवतार बघायचे तेच सकाळी तळहातावर. ही कला जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात जुन्या चिताऱ्यांना हाताशी धरून ती वर काढली. राणीसाहेब 2018 मध्ये गेल्या, पण पत्ते रंगवण्याचं काम चालू आहे. काकींना पत्त्यांत रस आहे, पण झब्बूपुरता.

भाच्याला किल्ल्यांचं वेड. त्याची तयारी आधीच झालेली. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या बारांत आमच्या जिल्ह्याचे दोन आहेत, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. हे ऐकून काकींची मान ताठ झाली, जणू तट त्यांच्या माहेरच्यांनीच बांधला. महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम 1664 च्या नोव्हेंबरात सुरू केलं आणि तीनेक वर्षांत पुरं केलं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. पावसाळ्यात त्या बंद असतात, म्हणून हाच हंगाम बरा. विजयदुर्ग लांब पडतो, तो कुणकेश्वरच्या यात्रेला जोडून करावा.

आणि ज्यांना चालायला आवडतं त्यांनी कुडोपीच्या सड्यावर जावं. मालवण तालुक्यात जांभ्याच्या उघड्या कातळावर माणसं, प्राणी, कोड्यात टाकणाऱ्या आकृत्या कोरलेल्या आहेत. कोकणातल्या अशा नऊ ठिकाणांची कातळशिल्पं 2022 मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. पावसाचं गवत सुकलं की रेषा नीट दिसतात. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जावं, कारण तिरप्या उजेडात कोरीव भाग उठून येतो आणि दुपारी कातळ भाजून काढतो. रेषांवर पाय देऊ नये आणि खडूने त्या गिरवू तर मुळीच नये. फोटो चांगला यावा म्हणून असं करणारे महाभाग असतात.

फेब्रुवारीच्या पुढे आला तर भाच्याला वेंगुर्ल्याच्या वायंगणी किनाऱ्यावर नेईन. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत तिथे वाळूत अंडी घालून जातात. गावातले लोक ती कुंपणात जपतात, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की त्यांना समुद्रात सोडतात. पिल्लं किती वाजता निघतील हेही कुणाच्या हातात नाही. तारखेचा हट्ट धरणाऱ्या भाच्याला दोन दिवस वाळूत बसवून ठेवायला ही जागा उत्तम.

"आदी लोक ती अंडी काढून खायत," काकी म्हणाल्या. "आता तीच माणसा राखण करतत. बरा झाला."

एवढं बोलून त्या परत मूळ मुद्द्यावर आल्या. रविवारी देवळात बैठक आहे. नाटकाची वेळ तिथे ठरणार. काकी बैठकीत बोलणार नाहीत, बायका सहसा बोलत नाहीत. पण मानकऱ्यांपैकी दोघांच्या घरी त्यांचं रोजचं जाणं-येणं आहे आणि तिसऱ्याची बायको त्यांची मामेबहीण. गुरुवारपर्यंत तिघांच्याही घरात हा विषय निघालेला असेल. शिवाय जत्रेच्या दिवशी देवासमोर गाऱ्हाणं घातलं जाईल तेव्हा "होय म्हाराजा" म्हणायला सगळा गाव उभा असतो, आणि देवाला रात्रभराचं कबूल करून एक वाजता घरी जायचं धाडस कोण करतो ते बघूच, असं काकींचं म्हणणं.

माझा अंदाज आहे की ट्रिकसीन येईल आणि नाटक पहाटेपर्यंत चालेल. पोरांना लायटी मिळतील, देवाला रात्र मिळेल.

तेव्हा यायचं असेल तर या, तारीख कळली की सांगेन. बसायला चटई आणि अंगावर घ्यायला शाल आणा, पहाटे दव पडतं. नट रंग लावत असतील तिथे डोकावायला हरकत नाही, पण मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. खाजं जत्रेतल्याच दुकानातून घ्या, गुळाचं आणि आलं घातलेलं. डुलकी लागली तर तिथेच आडवे व्हा, कुणी काही म्हणत नाही. फक्त दहीहंडी फुटायच्या आधी उठून जाऊ नका.